पोटमाळ्यावरची विमा कंपनी

दोन हजार वीस सालच्या एप्रिलमध्ये मी नेदरलँड्समध्ये एक विमा कंपनी काढली. भांडवल नव्हतं, परवाना नव्हता आणि नावही धड ठरलेलं नव्हतं. कार्यालय होतं आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या घराच्या पोटमाळ्यावर, आणि सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे माझी चौदा वर्षांची लेक. ग्राहक एकच, माझे वडील. त्या उन्हाळ्यात कंपनी जोरात चालली आणि मी छातीठोकपणे सांगते, तिने एकही दावा फेटाळला नाही. दातांचा सोडून. पण त्याला कारण होतं.

कंपनी का काढावी लागली हे कळायला इथल्या विम्याबद्दल थोडं सांगावं लागेल. थोडंच, घाबरू नका. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला मूळ आरोग्य विमा घ्यावाच लागतो, तसा कायदाच आहे. इस्पितळाचं तोंड पाहिलंत तर वर्षातला पहिला काही खर्च तुमच्या खिशातून, त्यापुढे कंपनी. दात, चष्मा, फिजिओथेरपी असली चैन हवी असेल तर त्यावर वेगळा टॉप-अप घ्यायचा. दर डिसेंबरात घरोघरी हा टॉप-अप निवडायचा सोहळा होतो. माझा नवरा त्यासाठी रंगीत एक्सेल शीट बनवतो. मी त्याच्या खांद्यावरून डोकावते आणि म्हणते, "ती हिरवी घे." दरवर्षी हिरवीच सगळ्यात बरी निघते, कारण बऱ्या पॉलिसीला हिरवा रंग त्यानेच दिलेला असतो. श्रेय मात्र मी घेते.

हे झालं घरच्यांचं. पाहुण्यांना हा विमा मिळत नाही. आई-वडील भारतातून येतात ते तिकडूनच प्रवास विमा घेऊन, त्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. बाबा जानेवारीच्या शेवटी आले तेव्हा त्यांच्याकडे असा विमा होता. परतीच्या तिकिटाच्या तारखेपर्यंत आणि वर चार दिवस. मी म्हटलं होतं, बाबा, जरा जास्त दिवसांचा घ्या. ते म्हणाले, जे दिवस मी तिथं नसणार त्यांचा हप्ता मी का भरू? बिनतोड मुद्दा होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि बाबा इथेच राहिले. व्हिसाची मुदत नवऱ्याने वाढवून घेतली. विम्याची मुदत वाढवायला आम्ही तिकडच्या कंपनीला फोन लावला, बरीच बासरी ऐकली, आणि शेवटी एका दमलेल्या मुलीने सांगितलं की वाढवता येईल, पण जुने आजार धरले जाणार नाहीत. बाबांना साखर आहे, तीही पंधरा-वीस वर्षांची. म्हणजे नखापासून केसापर्यंत त्यांचं सगळंच जुनं. बाबांनी फोन ठेवायला लावला. "जे धरणारच नाहीत त्याचा हप्ता?" ते म्हणाले. पुन्हा बिनतोड.

बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर खिडकीच्या आतून लोकांचे हप्ते घेतलेला माणूस. हप्ता बुडवणं आणि भरलेला हप्ता वाया घालवणं, दोन्ही त्यांच्या लेखी एकाच प्रतीचं पाप. खात्याच्या नाट्यस्पर्धांमध्ये त्यांनी खलनायकाची बक्षिसं मिळवली होती, आणि माझ्या अंगात जे काही नाटक आहे ते तिथून आलेलं आहे. भाषणंही जोरदार करायचे. मुलगा-मुलगी समान, लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असल्या खुळचट रूढी गाडून टाका, हे मी लहानपणापासून पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं आहे.

आणि हेच बाबा दर रविवारी, इथल्या आपल्या लोकांची ऑनलाइन बुद्धवंदना आटोपली की, माझ्या तांदळाच्या डब्यात पाचशे रुपयांची नोट खुपसून ठेवत. रुपयांची. अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये. इथे त्या नोटेला कोथिंबिरीची काडी कोणी देणार नाही, पण लेकीच्या घरी फुकट राहिलो असं व्हायला नको. मी विचारलं तर म्हणायचे, "कुठली नोट? तांदळाला कीड लागू नये म्हणून कोणी ठेवली असेल." मी दर रविवारी ती काढून चहाच्या जुन्या डब्यात टाकायची. दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघंही काही बोलत नव्हतो. आमच्या घराण्यात याला शांतता म्हणतात.

त्या वर्षी चौदा एप्रिलची जयंतीही ऑनलाइनच झाली. बाबांनी मुख्य भाषण केलं आणि जमलेल्या सगळ्यांना ते भाषण करणाऱ्या माणसाचं फक्त कपाळ दिसलं. भाषण गाजलं. कपाळही गाजलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते स्वयंपाकघरात माश्या मारायला लागले.

सुपरमार्केटच्या सवलतीच्या पत्रकाची गुंडाळी करून ते हवेत सपासप वार करत होते. इथे एप्रिलमध्ये माशी कुठली? असलीच तर ती गावाबाहेरच्या पोल्डरमध्ये, कुरणातल्या गाईंकडे. मी ओट्याला टेकून हसत होते. संध्याकाळी नकला करून हा किस्सा नवऱ्याला सांगितला, आणि तो हसला नाही. शीट बघताना त्याचा जसा चेहरा होतो तसा करून तो बाबांकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी पुन्हा वार केला तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, माशी दर वेळी डावीकडूनच कशी येते?"

बाबांनी पत्रक खाली ठेवलं. मग एकेक बाहेर आलं. माशी दोन दिवसांपासून होती. एक नव्हती, काजळीसारखे ठिपके होते, आणि डोळा फिरवला की तेही फिरायचे. अंधारात मान वळवली की कोपऱ्यात वीज चमकायची. हे सगळं त्यांनी हवामानाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मी आमच्या हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरबाईंना, फोन लावला. आमच्या डॉक्टरबाई मोठ्या शांत स्वभावाच्या. माणूस हातात स्वतःचं मुंडकं घेऊन गेला तरी त्या म्हणतील, दोन दिवस पॅरासिटामॉल घ्या आणि मग कळवा. त्या दिवशी त्या स्वतः फोनवर आल्या, माश्यांबद्दल आणि विजेबद्दल विचारलं, आणि पॅरासिटामॉलचं नावही काढलं नाही. डोळ्याच्या आतला पडदा फाटला असावा, त्या म्हणाल्या. आज शिवला तर शिवला, नाहीतर तो सुटत जातो आणि डोळा जातो. मी इस्पितळात कळवते, तुम्ही आत्ता निघा.

मी बाबांचा कोट आणला. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

"उद्या बघू," ते म्हणाले. "साखर वाढली की होतं असं."

मी समजावलं, नवऱ्याने समजावलं. मग त्यांनी खरं कारण काढलं. विमा संपलाय, इथल्या इस्पितळाचं दार ओलांडलं की काय बिल येतं ते त्यांनी वंदनेनंतरच्या गप्पांत ऐकलं होतं. जावयाच्या पैशाने ते डोळा दुरुस्त करून घेणार नव्हते. नवरा म्हणाला, बाबा, मी मुलासारखाच आहे. "म्हणून तर," बाबा म्हणाले. आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "एक आहे ना दुसरा."

एवढी भाषणं केलेला माणूस, आणि एका रूढीसाठी एक डोळा द्यायला बसलेला. वाद घालून उपयोग नव्हता. वादात ते मला माझ्या जन्मापासून हरवत आलेत. पण रंगमंचावर मी त्यांच्या तोडीची आहे. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पण बाबा, तुमचा टॉप-अप आहे की."

"कसला टॉप-अप?"

"काढला मी. तिकडचा संपला तेव्हाच. वर्षाचा हप्ता भरलाय." मी नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलू शकत नाही, पण मान हलवू शकतो. त्याने हलवली.

"साखर धरतात?"

"धरतात."

"मला त्यांच्याशी बोलायचंय," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, बरोबर आहे, जाण्याआधी त्यांना कळवावंच लागतं, फोन वर राहिलाय, आणते. आणि मी दोन जिने अशी चढले की पुन्हा तशी कधी चढणार नाही. पोटमाळ्यावर माझी लेक लॅपटॉपसमोर शाळेच्या व्यायामाच्या तासाला उठाबशा काढत होती. कॅमेरा बंद केला आणि तिला सांगितलं की तू आता विमा कंपनी आहेस. ही मुलगी इथेच वाढलेली, मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. तिने विचारलं, "इज दिस लीगल?" मी म्हटलं, आजोबांचा डोळा जाईल. तिने लॅपटॉप मिटला. तिला मी दोनच वाक्यं पढवली, एक साखरेचं आणि एक हप्त्याचं. बाकी तुझं तू बघ, म्हटलं.

खाली येऊन मी बाबांसमोर तिचाच नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"खुडेमिडाख," पलीकडून अत्यंत थंड, अत्यंत सरकारी आवाजात डच नमस्कार आला. "टॉप-अप."

कंपनीचं नाव असं पडलं.

बाबा खुर्चीत ताठ झाले. खिडकीमागचा माणूस खिडकीमागच्या माणसाशी बोलताना होतो तसे. "मॅडम, आय अ‍ॅम डायबेटिक. ओल्ड केस. कव्हर्ड?"

"येस, सर. ओल्ड इज कव्हर्ड." तिने आपल्या मनचं एक जोडलं. "वी लाइक ओल्ड."

"अँड प्रीमियम?"

"पेड फॉर द इअर, सर. इफ यू डोन्ट यूज इट, इट इज लॉस्ट."

मी मधेमधे खोकत होते, कारण घाईत पोटमाळ्याचं दार उघडंच राहिलं होतं. त्या दिवसांत घरात कोणी खोकलं की काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. नवरा दोन पावलं मागे सरकला. बाबा मात्र फोनकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "माझे बूट कुठे आहेत?"

इस्पितळाच्या वाहनतळावर एरवी जागेसाठी प्रदक्षिणा घालाव्या लागतात. त्या दिवशी सगळं मैदान आमचं होतं. दारात काचेमागच्या बाईने विम्याचा नंबर विचारला. मी बाबांकडे पाठ करून, दबक्या आवाजात, विमा नाही, पाहुणे आहेत, असं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तीही दबक्या आवाजात म्हणाली की आधी डोळा, बिल घरी येईल. मला वाटतं, कंपनीची ती दुसरी कर्मचारी. आत फक्त रुग्णाला सोडत होते. बाबा एकटे गेले, हातावर जंतुनाशक चोळत, वळून न बघता.

आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. नवऱ्याने एकदाही खर्चाचा विषय काढला नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टरांचा फोन आला, आवाजावरून तरुण मुलगी. पडद्याच्या कडेला फट पडली होती, लेझरने चारी बाजूंनी डागून ती जागच्या जागी बसवली आहे, महिनाभर जड उचलायचं नाही. आज आणलंत हे बरं केलंत, असं ती म्हणाली आणि मग तेच पुन्हा एकदा म्हणाली. मी फोन ठेवला आणि तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकून रडून घेतलं, म्हणजे नंतर वेळ जायला नको.

बाबा बाहेर आले ते औषधाने बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसवेना. माझा गुलाबी काचांचा गॉगल लावून ते मागच्या सीटवर बसले आणि घरापर्यंत सांगत राहिले की आत हिरवे फटाके उडाले, डॉक्टरीण पोरगी गुणाची आहे, आणि माशी अजून आहे पण आता ओळखीची झाली आहे.

त्या रविवारी तांदळाच्या डब्यात पाचशेच्या दोन नोटा होत्या. मला वाटलं, डोळ्यात औषध होतं, मोजण्यात चूक झाली असेल.

बिल यथावकाश आलं. आम्ही ग्रीसला जाणार होतो त्या सुट्टीच्या खर्चाला ते अगदी जवळचं होतं. सुट्टी तशीही रद्द झाली होती. नवऱ्याने बिल भरलं आणि आपल्या शीटमध्ये एक नवी ओळ घातली. तिला त्याने हिरवा रंग दिला, मला न विचारता.

माझ्या हिशेबाने कंपनीचं काम इथे संपलं होतं. ग्राहकाच्या हिशेबाने नुकतं सुरू झालं होतं. एका सकाळी बाबा चहा पिताना म्हणाले, वर्षाचं भरलंय ना? मग गुडघ्याचं काय? मी म्हटलं, काय गुडघ्याचं? तर म्हणे फिजिओथेरपी असते टॉप-अपमध्ये, वंदनेत सगळे सांगतात. कंपनीला फोन लाव. शाळा चारपर्यंत, म्हणून कंपनी चारनंतर उघडायची. "युवर नी इज अंडर रिव्ह्यू, सर," कंपनीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुडघा मंजूर झाला आणि घरपोच सेवा म्हणून रोज संध्याकाळी तेल लावायला मीच. बाबा डोळे मिटून म्हणायचे, बाईचा हात जड आहे, पण वेळेवर येते.

मग चष्मा. मग दात. दातांना कंपनीने ठाम नकार दिला. "टीथ आर सेपरेट, सर. टीथ आर ऑलवेज सेपरेट." कंपनीने तोंडातून काढलेलं हे एकमेव खरं वाक्य. इथे दात खरोखरच सगळ्यापासून वेगळे असतात. बाबा मानायला तयार नव्हते. त्यांनी तक्रार केली. तक्रारीत त्यांना इंग्रजी पुरेना, तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्याकडे मराठी जाणणारा कोणी अधिकारी आहे का?

"वन मोमेंट, सर." मग दुसरा आवाज आला, जरा जाडा. "नमस्कार. मी मराठी विभाग."

मी स्वयंपाकघरात तोंडात फडकं कोंबलं. ज्या मुलीकडून मी चौदा वर्षं "मला भूक लागली" एवढं मराठीत वदवू शकले नव्हते, ती आता रोज चार वाजता मराठी विभाग चालवायला लागली. सुरुवातीला विभागाचं मराठी अगदी डुगडुगत होतं. "तुमचा दात आमची जबाबदारी नाही आहे." बाबा दुरुस्त करायचे, "नाहीये म्हणा मॅडम, जबाबदारी नाहीये." मॅडम म्हणायच्या. दातांवरून सुरू झालेलं बोलणं टपाल खात्यावर जायचं, माझ्या लहानपणावर जायचं. मे संपता संपता विभाग बाबांना विचारायला लागला होता की आज जेवायला काय होतं, जणू खालून वास वर जात नव्हता.

आणि मग एका रविवारी जवळच्या हार्लेम गावाहून फोन आला.

आमच्या वंदनेत हार्लेमच्या एक मावशी असायच्या. आमच्यासारखंच त्यांचंही झालं होतं. मुलाकडे आल्या आणि अडकल्या. मुलगा इथल्या विद्यापीठात संशोधक. तो म्हणाला, "ताई, काका आज आईला सांगत होते ती पॉलिसी कुठली हो? जुने आजार धरणारी?"

मी विषय बदलू बघत होते, पण त्याचा आवाज ठीक नव्हता. त्याने सांगितलं की पॉलिसीचं ऐकल्यावर आईने विचारलं, त्यात बीपीच्या गोळ्याही मिळतात का. मग कुठे त्याला कळलं की तिकडून आणलेल्या गोळ्या संपत आल्यात आणि कित्येक आठवडे ती रोज अर्धीच गोळी घेतेय. त्याला खर्च नको म्हणून. शेजारच्या खोलीत राहून त्याला पत्ता नाही.

मग मी सगळं सांगून टाकलं. पोटमाळा, उठाबशा, मराठी विभाग, दात. मला वाटलं, आता हा फोन ठेवणार. तो म्हणाला, "ताई, माझ्या आईचंही नाव घाला त्यात."

"अरे, पण ती कंपनी खोटी आहे."

"मग खरी करू या ना."

संशोधक माणसाला काम लागलं की तो झोपत नाही. त्याने शोधून काढलं की इथे आलेल्या पाहुण्यांसाठी इथलीच एक वेगळी पॉलिसी मिळते. नवा आजार, अपघात, तातडीचं इस्पितळ त्यात येतं. जुने आजार तिथेही नाहीत. म्हणजे खालचा थर खराखुरा विमा आणि त्याच्या वर जे उरेल त्यासाठी आपण. आमच्या वंदनेतल्या ज्या चार-पाच घरांत कोणाचे ना कोणाचे आई-वडील अडकले होते, त्यांना आम्ही गुपचूप फोन केले आणि भिशी सुरू केली. भिशी आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की या भिशीत आपला नंबर लागू नये म्हणून सगळे प्रयत्नशील. नाव टॉप-अपच ठेवलं. म्हाताऱ्यांना काही सांगायचं नाही असं ठरलं, आणि मावशींना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेऊन पूर्ण गोळी सुरू झाली.

जूनमध्ये मावशींनी सायकल शिकायला घेतली. पासष्टीच्या पुढे. हार्लेममध्ये घरासमोरची गल्ली मोकळी, बघायला कोणी नाही, यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? तिसऱ्या दिवशी त्या कुंपणात गेल्या आणि मनगट मोडलं. मुलगा त्यांना घेऊन तातडीच्या विभागात गेला, आणि तो सांगतो की दारात मावशी थांबल्या नाहीत की कुरकुरल्या नाहीत. काचेमागच्या माणसाला मोडका हात दाखवून स्वतःच म्हणाल्या, "टॉप-अप." बिल आलं, बरंचसं खऱ्या पॉलिसीने भरलं, उरलेलं भिशीने. पुढच्या रविवारी त्यांनी कॅमेऱ्यासमोर प्लास्टर धरलं आणि सगळ्यांना सांगितलं की पोराचा एक पैसा खर्च झाला नाही. पडद्यावरच्या चौकटींत आम्ही सगळी पोरं माना खाली घालून बसलो होतो. बाबांचं नेहमीप्रमाणे कपाळच दिसत होतं, पण ते हलत होतं.

जुलैत विशेष विमानात बाबांना जागा मिळाली. आदल्या दिवशी मी त्यांची बॅग भरत होते आणि ते पलंगावर बसून गुलाबी गॉगल परत द्यावा की न्यावा याचा विचार करत होते.

"मी गेल्यावर ती कंपनी बंद करू नकोस," ते म्हणाले.

"नाही करणार."

"आणि पोटमाळ्याचं दार लावून घेत जा. आवाज फोनच्या आधी जिन्यावरून येतो."

मी बॅगेवरच बसले. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या खुडेमिडाखला."

मी विचारलं, मग गेलात कसे? ते गॉगलच्या काचा पुसत राहिले. म्हणाले, "डोळा जाईल ही भीती मला नव्हती असं वाटतं का तुला? नाही म्हणून बसलो होतो. उठायला कारण हवं होतं. तू ते एवढं झोकात आणून दिलंस."

आणि दात? दात ठणठणीत होते. गुडघाही ठीकच, पण तेल बरं वाटायचं. "पोर दिवसभर वर एकटी बसायची," ते म्हणाले. "खाली ये म्हटलं तर येत नव्हती. तक्रार केली की अर्धा तास बोलायची." मावशींना तरी चुकून सांगितलं होतं ना, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की खलनायकाची बक्षिसं फुकट मिळत नाहीत हे मला कळावं. मावशींच्या अर्ध्या गोळीचं त्यांना माहीत होतं. मुलाला सांगू नका अशी मावशींनी शपथ घातली होती. "मी शपथ मोडली नाही," बाबा म्हणाले. "मी फक्त माझ्या माहितीतली एक कंपनी सुचवली."

मला एकदम तांदळाचा डबा आठवला. "आणि त्या रविवारी दोन नोटा?"

"तू एकटी थोडीच होतीस स्टेजवर," ते म्हणाले. "नाटक चांगलं असलं की तिकीट काढून बघावं."

विमानतळाच्या दारापुढे आम्हाला सोडत नव्हते. बाबांनी तिथेच सगळ्यांना लांबून हात केला आणि आत गेले. आम्ही गाडीत येऊन बसलो. गाडी सुरू होते न होते तोच मागच्या सीटवर लेकीचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"हॅलो, टॉप-अप?" बाबांच्या मागे विमानतळाच्या घोषणा ऐकू येत होत्या. "मॅडम, मी भारतात चाललोय. माझं कव्हर तिकडे चालू राहील का?"

लेकीने नाक पुसलं. तिने थंड आवाज काढला नाही, जाडाही काढला नाही.

"हो, आजोबा. सगळं चालू राहील," ती म्हणाली. "दात सोडून."